पिग्मीचं अपलोड चालू असताना काउंटरवरून पैसे काढले की शिल्लक चुकते, ट्रान्झॅक्शन असूनही!

माणदेशी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. प्रोग्रॅम पीएचपीत, लाराव्हेल या फ्रेमवर्कवर, आणि खाली मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस, सगळी टेबलं इनोडीबी या त्याच्या स्टोरेज इंजिनची. तीन काउंटर, पिग्मीचे (रोजच्या छोट्या बचतीच्या ठेवीचे) अकरा एजंट. एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरून पन्नास, शंभर, दोनशे रुपये गोळा करतात आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या सुमारास संस्थेत येऊन मशीन जोडतात. एका मशीनमध्ये शंभर-सव्वाशे नोंदी असतात. नेमकी तीच वेळ काउंटरवर गर्दीची, कारण दुकानदारांना उसंत तेव्हाच मिळते.

मागच्या महिन्यात तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळेना. फरक २०० रुपयांचा. दोन रात्री बसून शोधला. बाजारात भाजीचा गाळा असलेल्या एका मावशींचं खातं निघालं. आधीची शिल्लक १२,४००. संध्याकाळी ६:५२ ला त्यांनी काउंटरवरून ५,००० काढले, आणि त्याच मिनिटात एजंटच्या अपलोडमधून त्यांचे २०० जमा झाले. किर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या नोंदवहीत) दोन्ही नोंदी व्यवस्थित आहेत. खात्यावर ७,६०० हवेत, दिसतात ७,४००. जमा झालेले २०० रुपये शिलकेतून गायब!

माझा कोड असा चालतो: ट्रान्झॅक्शन (एकतर सगळी पक्की होणारी किंवा सगळी मागे जाणारी कामांची जुडी) सुरू, खात्याची शिल्लक वाचायची, पीएचपीत बेरीज-वजाबाकी, नवी शिल्लक लिहायची, किर्दीत नोंद घालायची, खतावणीतल्या (खातेवार वहीतल्या) 'पिग्मी ठेवी' या मुख्य खात्याची एकूण शिल्लक बदलायची, खातेदाराला एसएमएस, मग कमिट, म्हणजे सगळं पक्कं. अपलोडला हेच सगळं लूपमध्ये, आणि पूर्ण मशीनचं मिळून एकच ट्रान्झॅक्शन. अर्धवट चढलं आणि वीज गेली तर कुठपर्यंत चढलं ते कळणार नाही, म्हणून तसं केलं होतं.

म्हणजे सगळं बिगिन आणि कमिटच्या आतच आहे. मग एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसलं कसं? आयसोलेशनची पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) मूळचीच आहे, रिपीटेबल रीड. वाचतानाच ओळ लॉक करणारं 'फॉर अपडेट' लावूनही पाहिलं. तेव्हा काउंटरवर दिवसाला तीन-चारदा १२१३ नंबरचा डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडकून बसणं) यायला लागला, आणि कधी मिनिटभर चक्र फिरून १२०५, म्हणजे लॉकची वाट बघून वेळ संपल्याची एरर. समोर खातेदार उभा, हातात स्लिप, आणि कॅशियर ताईंच्या स्क्रीनवर लाल पट्टी. ते काढून टाकावं लागलं.

मावशींचं खातं दुरुस्त करून मी स्वतः त्यांना सांगून आलो. पण आणखी किती खात्यांवर असं झालं असेल या विचाराने झोप लागत नाही. कृपया मार्ग सांगा.

कोडकट्टा

अपलोड रात्री नऊनंतर ठेवा, विषय संपला. ते जमत नसेल तर अपलोडच्या वेळी अख्खं टेबल लॉक करा. आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरला आम्ही आयसोलेशन रीड अनकमिटेड केलं, तेव्हापासून अडकणं बऱ्यापैकी कमी झालं.

किर्दखतावणी

माणदेशी, तुम्ही मावशींकडे स्वतः जाऊन आलात हे वाचून बरं वाटलं. मी १९९४ पासून एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात होते, त्यामुळे तुमची ती साडेसहा ते साडेसातची वेळ डोळ्यांसमोर उभी राहते. सविस्तर लिहिते.

आधी कोडकट्टा यांच्या शेवटच्या सल्ल्याबद्दल. रीड अनकमिटेड पैशांच्या हिशेबाला कधीही लावू नका. समजा अपलोडने मावशींचे २०० चढवून शिल्लक १२,६०० केली, पण अजून कमिट नाही. काउंटरने ते कच्चं १२,६०० वाचलं. पुढे अपलोड फसलं आणि रोलबॅक झालं, म्हणजे सगळं मागे घेतलं गेलं. काउंटर मात्र १२,६०० मधून ५,००० वजा करून ७,६०० लिहून मोकळा. आता कधीच न चढलेले २०० शिलकेत दिसणार. तुमची आजची चूक उलट बाजूने होईल, एवढाच फरक.

आता मूळ दुखणं. मी नोकरीला लागले तेव्हा काही शाखांत अजून हाताने खतावणी चालायची. जाडजूड बांधणीची वही, आणि एक वही एका वेळी एकाच कारकुनापुढे. दुसऱ्याला त्याच वहीतलं खातं हवं असेल तर तो शेजारी उभा राहून थांबायचा. वही हातात आल्यावर शिल्लक बघायची, तिथेच नोंद करायची, तिथेच नवी शिल्लक मांडायची आणि वही पुढे सरकवायची. शिल्लक चिठ्ठीवर उतरवून आपल्या टेबलावर न्यायची, तिथे वजाबाकी करायची आणि दहा मिनिटांनी परत येऊन वहीत उत्तर लिहायचं, असं कोणी केलं असतं तर आमच्या हेड अकौंटंटांनी त्याला त्याच दिवशी खतावणीवरून हलवलं असतं.

तुमचा पीएचपीचा कोड ती चिठ्ठी आहे. अपलोडने १२,४०० चिठ्ठीवर घेतले, काउंटरनेही १२,४०० घेतले. अपलोडने १२,६०० लिहिले. काउंटरचं अपडेट त्याच ओळीच्या लॉकवर थांबलं, अपलोडचं कमिट झाल्यावर पुढे सरकलं, आणि आपल्या चिठ्ठीवरचं ७,४०० लिहून मोकळं झालं. याला लॉस्ट अपडेट म्हणतात.

रिपीटेबल रीडने वाचवलं का नाही? इनोडीबीत साधं सिलेक्ट (वाचण्याचं वाक्य) लॉक घेतच नाही. ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या साध्या वाचनाला एक स्नॅपशॉट ठरतो आणि पुढची साधी सिलेक्ट तेच चित्र दाखवत राहतात. अपडेट मात्र स्नॅपशॉटवर चालत नाही, ते सगळ्यात ताज्या कमिट झालेल्या ओळीवर चालतं. वाचलं जुन्यावर, लिहिलं नव्यावर, आणि डेटाबेसने तक्रार केली नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या रिपीटेबल रीडमध्ये इथे दुसऱ्याला सरळ एरर मिळते. नाव एकच, वागणूक वेगळी, त्यामुळे भलेभले फसतात.

उपाय साधा आहे. वजाबाकी पीएचपीत करू नका, वहीतच करा:

अपडेट खाती सेट शिल्लक = शिल्लक - ५००० व्हेअर आयडी = ४१२ अँड शिल्लक >= ५०००

मग किती ओळी बदलल्या ते तपासा. एक असेल तर पैसे द्या. शून्य असेल तर शिल्लक अपुरी, रोलबॅक करा. अपलोडलाही तसंच, शिल्लक = शिल्लक + २००. आता कोणीही आधी आलं तरी उत्तर ७,६०० च.

पण यामुळे डेडलॉक जाणार नाहीत, ते वेगळ्या कारणाने येताहेत. तुमच्या वर्णनात तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

सगळ्यात मोठी म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आतला एसएमएस. एका संदेशाला सेकंदाचा तिसरा हिस्सा धरा, सव्वाशे नोंदींचे चाळीस सेकंद होतात. पहिल्या नोंदीत घेतलेला लॉक चाळीस सेकंद सुटत नाही, कारण इनोडीबीत तो कमिटपर्यंत धरलेलाच राहतो. दोन एजंट पाठोपाठ आले तर ऐंशी सेकंद. लॉकसाठी थांबण्याची मूळची मर्यादा ५० सेकंदांची आहे, ती ओलांडली की १२०५. डेटाबेसला मोबाइल कंपनीसाठी थांबवून ठेवू नका. आमच्याकडे एकदा याहून वाईट झालं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये कारकुनाने खातं उघडलं की लॉक लागायचा आणि 'जतन करा' दाबेपर्यंत राहायचा. एक गृहस्थ बँकेचं स्वतःचंच मोठं खातं उघडं ठेवून चहाला गेले. पाच काउंटर थांबले, रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली, आणि आम्ही वर बसून सर्व्हरमध्ये काय बिघडलं ते शोधत होतो. लॉक हातात असताना माणसाची वाट बघायची नाही आणि नेटवर्कचीही नाही, हा धडा मी तिथे शिकले.

मग 'पिग्मी ठेवी' या मुख्य खात्याची ओळ. अकरा एजंट आणि तीन काउंटर, सगळ्यांना तीच एक ओळ लिहायची आहे. अपलोडने पहिल्याच नोंदीला ती धरली. इकडे काउंटरने मावशींचं खातं धरलं आणि मुख्य खात्यासाठी थांबला. अपलोड फिरत फिरत मावशींच्या खात्यापाशी आलं आणि काउंटरसाठी थांबलं. झाला डेडलॉक. अशा वेळी इनोडीबी कमी ओळी बदललेल्या ट्रान्झॅक्शनचा बळी देतं. काउंटरच्या दोन ओळी, अपलोडच्या दीड-दोनशे. म्हणून लाल पट्टी दर वेळी कॅशियर ताईंच्याच नशिबी. ही ओळ व्यवहारागणिक बदलूच नका. मुख्य खात्याची शिल्लक किर्दीची बेरीज करून काढता येते. हाताने लिहायचो तेव्हाही एजंटच्या दिवसभराच्या जमेचं मुख्य खात्याला एकच व्हाउचर पडायचं, सव्वाशे नव्हे.

आणि ते सबंध मशीनचं एकच ट्रान्झॅक्शन. तुमची भीती रास्त आहे, पण तिला दुसरं औषध आहे. मशीनच्या प्रत्येक नोंदीला पावती क्रमांक असतोच. किर्दीत मशीन, तारीख आणि पावती क्रमांक यांवर मिळून युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारी अट) लावा. मग प्रत्येक नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये चढवा: किर्दीत नोंद, शिलकेत भर, कमिट. साठावी नोंद चढून वीज गेली तर तेच मशीन पुन्हा जोडायचं. पहिल्या साठ नोंदी युनिक की परत पाठवेल, एकसष्टावीपासून पुढे चढतील. लॉक काही मिलिसेकंदांचा.

इतकं करूनही क्वचित १२१३ येऊ शकतो. त्यावर पूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवायचं. लाराव्हेलच्या ट्रान्झॅक्शन फंक्शनला दुसरा आकडा द्या, तितके प्रयत्न ते स्वतः करतं. फक्त एक जपा. १२१३ ला पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं, पण १२०५ ला मूळच्या सेटिंगमध्ये फक्त ते एक वाक्य मागे जातं, आधीचं तसंच उघडं राहतं. कोणी ती एरर गिळून पुढे कमिट केलं तर अर्धा व्यवहार नोंदला जाईल. रोलबॅक स्वतः सांगा.

आता तुमच्या झोपेचं. किर्द ही सत्य, शिल्लक हा त्यातून काढलेला निष्कर्ष. प्रत्येक खात्याची किर्दीतली बेरीज काढा, शिलकेशी ताडून बघा, फरकाची खाती वेगळी काढा. एका क्वेरीचं काम आहे, आजच करा, आणि पुढे रोज रात्री चालू ठेवा. तेरजेतला फरक एकूण असतो, एकाचे २०० जास्त आणि दुसऱ्याचे २०० कमी असले तर तो शून्य दिसतो.

ही सगळी शिस्त आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९७६ साली नीट मांडली. ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रायगर यांचा तो लेख: लागतील ती कुलपं घेत जायची, आणि एक जरी सोडलं तर त्यानंतर नवं घ्यायचं नाही. त्यातले जिम ग्रे २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात आपल्या शिडाच्या होडीसह नाहीसे झाले, ते सापडलेच नाहीत. त्या बातमीने आम्हा संगणक विभागातल्या माणसांना घरचं कोणी गेल्यासारखं झालं होतं. आपण सुखाने रोज व्यवहार करतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आणि पिग्मीसुद्धा १९२८ साली उडुपीत दिवसाला दोन आणे गोळा करत सुरू झालेली योजना. तिथे २०० रुपये ही लहान रक्कम नाही.

माणदेशी

ताई, काय लिहू! प्रिंट काढून टेबलाशी लावलं आहे.

काल रात्री किर्दीची बेरीज ताडून पाहिली. एकूण सात खात्यांत फरक निघाला. चारमध्ये कमी, तीनमध्ये जास्त. तुम्ही म्हणालात तसंच, एकमेकांत मिटून तेरजेत दिसत नव्हते. अध्यक्षांना यादी दिली, दुरुस्तीची व्हाउचरं आज पडली.

वजाबाकी अपडेटमध्ये नेली, मुख्य खात्याची ओळ काढली, एसएमएस बाहेर काढला. नोंदीगणिक ट्रान्झॅक्शन मात्र अजून केलेलं नाही, युनिक कीसाठी जुना डेटा साफ करावा लागतोय. तोवर मशीनचं एकच ट्रान्झॅक्शन आहे, पण आता तीन-चार सेकंदांत संपतं.

तरीही आज दोनदा डेडलॉक आला. आणि विचित्र म्हणजे काउंटरवर वेगळा खातेदार होता, त्याचं नाव त्या एजंटच्या यादीतच नाही. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये शेवटच्या डेडलॉकखाली काउंटरच्या ट्रान्झॅक्शनपुढे ३८७ रो लॉक लिहिलंय. एका खात्यातून पैसे काढायला ३८७ लॉक?

रात्रपाळी

त्या ३८७ मध्येच उत्तर आहे. डेटाबेस सांभाळणं हेच माझं रोजचं काम, हा आकडा बघितला की हात आपोआप एक्स्प्लेनकडे, म्हणजे क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या आज्ञेकडे, जातो. काउंटरच्या अपडेटवर एक्स्प्लेन चालवा. टाइपमध्ये ऑल आलं, किंवा इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) असूनही सगळ्या ओळी चाळल्या जाताहेत असं दिसलं, तर तुमचं व्हेअर इंडेक्स वापरत नाही.

एक अंदाज: खाते क्रमांकाचा कॉलम व्हारचार (अक्षरांचा) आहे का? आणि काउंटरच्या फॉर्ममधून तो पूर्णांक म्हणून जातो का?

माणदेशी

हो! क्रमांक '०४१२' असा आहे, पुढचं शून्य राहावं म्हणून व्हारचार ठेवला होता. ताईंनी आयडीवर लिहायला सांगितलं होतं, मी खाते क्रमांकच ठेवला. अपलोडमध्ये तो फाइलमधून अक्षरांतच येतो. काउंटरच्या फॉर्ममध्ये मी इंट (पूर्णांक) करून घेतोय. पण खातं बरोबर सापडतं की.

रात्रपाळी

सापडतं, पण कसं ते बघा. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडा असला की मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतली अक्षरं आकड्यात बदलून ताडतं. मग अक्षरांच्या क्रमाने लावलेला इंडेक्स निरुपयोगी ठरतो आणि टेबल पहिल्या ओळीपासून चाळलं जातं. साध्या सिलेक्टला हे फक्त संथ पडेल. अपडेट मात्र रिपीटेबल रीडमध्ये चाळलेली प्रत्येक ओळ लॉक करत जातं आणि सोडत नाही. तुमचा काउंटर ३८७ ओळी धरून पुढच्या एका ओळीवर थांबला, कारण ती अपलोडकडे होती. एजंटची यादी त्याच्या फिरण्याच्या क्रमाने, त्यामुळे अपलोडला पुढे त्या ३८७ पैकी एक हवी होती.

ते इंट काढा, किंवा आयडीने अपडेट करा. मग परफॉर्मन्स स्कीमातल्या डेटा लॉक्स या टेबलात बघा, एका काढण्याला खात्याची एकच ओळ लॉक झालेली दिसली पाहिजे. नोंदीगणिक ट्रान्झॅक्शन होईपर्यंत अपलोडच्या नोंदी आयडीच्या चढत्या क्रमाने लावून घ्या.

आणखी एक विचारतो. तुमच्याकडे पिग्मी तारण कर्ज आहे का? असेल तर ताईंचं अपडेट तिथे पुरणार नाही. समजा एका सभासदाची दोन पिग्मी खाती, प्रत्येकी ३०,०००, आणि त्यावर ४०,००० चं कर्ज. नियम असा की दोन्ही खात्यांची बेरीज कर्जाखाली जाता कामा नये. एका काउंटरवर पहिल्या खात्यातून २०,००० काढायला सभासद उभा, दुसऱ्यावर त्याचा मुलगा दुसऱ्या खात्यातून २०,००० काढायला. दोघांच्याही स्नॅपशॉटमध्ये बेरीज ६०,०००, काढल्यावर ४०,००० उरते, नियम पाळला. ओळी वेगवेगळ्या, त्यामुळे कोणी कोणाला अडवत नाही. दोन्ही कमिट होतात आणि तारण २०,००० वर येतं. याला राइट स्क्यू म्हणतात. १९९५ साली एसक्यूएल मानकातल्या आयसोलेशनच्या व्याख्या अपुऱ्या आहेत हे दाखवणारा जो लेख आला, त्यात हा प्रकार मांडलेला आहे. ताईंनी सांगितलेले जिम ग्रे त्याच्याही लेखकांत आहेत.

पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ पासून सीरिअलायझेबल ही सगळ्यात कडक पातळी लावली की असं जोडपं ओळखून एकाला ४०००१ ची एरर मिळते, मग पुन्हा प्रयत्न करायचा. मायएसक्यूएलमध्ये सीरिअलायझेबल लावलं तर ट्रान्झॅक्शनमधली साधी सिलेक्टही लॉक घ्यायला लागतात, तुमच्या गर्दीत डेडलॉक वाढतील. त्यापेक्षा कर्ज असलेल्या सभासदाची सभासद टेबलातली ओळ आधी फॉर अपडेटने धरा, मग बेरीज करा.

यात एक खाच आहे. ते फॉर अपडेट ट्रान्झॅक्शनमधलं पहिलंच वाक्य हवं. त्याआधी कुठलंही साधं सिलेक्ट झालं असेल, अगदी सभासदाचं नाव वाचायला का असेना, तर स्नॅपशॉट तेव्हाच ठरलेला असतो. मग कुलूप मिळूनही पुढची बेरीज जुनीच दिसेल.

किर्दखतावणी

रात्रपाळी, व्हारचारचा अंदाज अचूक होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच वाक्याची खाचही फार मोलाची. कारकून वही मिळण्याआधीच चिठ्ठी लिहून बसला, तोच प्रकार.

माणदेशी

इंट काढला. डेटा लॉक्समध्ये आता एका काढण्याला एक ओळ. तारण कर्जाची एकोणीस खाती आहेत, तिथे सभासदाची ओळ आधी धरायला लावली. मी खरंच नाव आधी वाचत होतो, ते वाक्य ट्रान्झॅक्शनच्या बाहेर नेलं.

एकच शंका उरली. परवा पुन्हा प्रयत्न होऊन एका खातेदाराला काढल्याचे दोन एसएमएस गेले, ते घाबरून फोन करत होते. पैसे एकदाच कापले गेले आहेत, मी पाहिलं. अपलोडचा एसएमएस बाहेर आहे, काउंटरचा आतच राहिला होता.

किर्दखतावणी

मग तेच कारण. पहिला प्रयत्न मागे घेतला गेला, पण गेलेला संदेश मागे घेता येत नाही. काउंटरचा संदेशही आफ्टर कमिटमध्ये, म्हणजे कमिट झाल्यावरच चालणाऱ्या भागात, टाका. स्लिप छापणंही तिथेच न्या.